काकूंची स्वाखा

"प्रत्यय कुठे सांडला?"

काकूंनी उजव्या हाताचं बोट वर केलं की समजायचं, आपल्या बोलण्यातून काहीतरी गळलं. सकाळी गाडीची किल्ली शोधत मी घाईघाईने म्हणायचे, "काकू, ऑफिस चालले." कुंपणापलीकडून बोट वर व्हायचं. "ऑफिस-ला. प्रत्यय कुठे सांडला? दारातच पडला असेल, बघ." मी निमूटपणे 'ला' उचलून वाक्याला जोडायचे आणि मगच गाडी सुरू करायचे.

तुमच्याही ओळखीत अशा एखाद्या निवृत्त बाई असतील. शाळा सुटते, शिकवणं सुटत नाही. काकूंनी वर्ध्याला आयुष्यभर मराठी शिकवलं, त्यातही मन लावून शिकवलं ते व्याकरण. काका गेल्यावर मुलाने त्यांना इकडे अमेरिकेत, सिअ‍ॅटलजवळच्या बॉथेलला आणलं. इथे वर्ग नव्हता, म्हणून त्यांनी आमच्या वसाहतीलाच वर्ग मानलं. आम्ही मराठी घरं मोजकीच. कुणी सॉफ्टवेअरमध्ये, कुणी माझ्यासारखी औषधांच्या लॅबमध्ये. आमच्या इंग्रजीमिश्रित मराठीला त्यांची हरकत नव्हती. "शब्द कुठूनही आणा," त्या म्हणायच्या. "पाहुणा आला की त्याला बसायला द्यायचं आणि प्रत्यय लावायचा. मग तो आपलाच."

चिडल्या मात्र की त्यांची प्रमाणभाषा त्यांना सोडून जायची आणि आतली वऱ्हाडी बाहेर यायची. 'कशाला'चं 'काहून' झालं की आम्ही विषय बदलायचो.

त्यांचं घर आणि माझं घर भिंतीला भिंत लागून. मागे दोघांची मिळून लहानशी हिरवळ, मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. घरात मुलगा, सून आणि बालवाडीत जाणारी नात. सून युक्रेनची, तीही एका लॅबमध्ये कामाला. शिकायला इथे आली होती, विद्यापीठात या मुलाशी जमलं, लग्न झालं. त्या लग्नावरून वर्ध्याच्या घरात काय काय झालं असेल ते काकू कधी बोलल्या नाहीत. "झालं ते झालं. पोरगी गुणाची आहे," एवढंच.

मग तिकडे युद्ध सुरू झालं. सुनेची आई तिच्या गावी एकटीच होती. मजल दरमजल करत ती एका देशातून दुसऱ्या देशात, तिथून विमानाने सिअ‍ॅटलला आली. तिला घ्यायला सगळं घर विमानतळावर गेलं. लग्न इथेच, मोजक्या माणसांत झालं होतं, त्यामुळे दोघी विहिणींनी एकमेकींना पाहिलं होतं ते फक्त फोनच्या पडद्यावर. पुढची हकीकत काकूंनी मला इतक्यांदा सांगितली की मी तिथे हजर नव्हते यावर माझाच विश्वास बसत नाही.

"एवढी उंच बाई! खांदे पाहशील तर पैलवानाचे. हातात एकच बॅग. लेकीला भेटली, नातीला भेटली आणि मग माझ्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाली, 'स्वाखो!' आणि मला असं कवटाळलं की माझा चष्मा तिच्या कोटात अडकला."

काकूंना वाटलं, बाई आपलं नाव सांगतेय. नाव सांगणाऱ्याला नावाने उत्तर देणं ही रीत. काकूंनी चष्मा सोडवला, हात जोडले आणि म्हटलं, "या, स्वाखोबाई." त्यावर त्या बाईने हसायला आणि रडायला एकदमच सुरुवात केली.

कितीतरी दिवस हा कारभार असाच चालला. ही तिला 'स्वाखो' म्हणे, ती हिला 'स्वाखो' म्हणे, आणि दोघी खूश. मी कुंपणाशी उभी राहून ऐकायचे आणि मनात हसायचे, जगात एकाच नावाच्या दोन बायका एका घरात याव्यात, काय योग! नात शेवटी कंटाळली. "आजी, दॅट्स नॉट हर नेम! तू पण स्वाखा आहेस. यू आर बोथ स्वाखा!"

काकूंनी सुनेला बोलावलं. मी तिथेच होते. सून इंग्रजीत समजावू लागली आणि दुसऱ्याच वाक्यात अडखळली. स्वाखा म्हणजे, म्हणाली, माझी आई माझ्या नवऱ्याच्या आईची जी कोण लागते ती. आणि माझ्या नवऱ्याची आई माझ्या आईची जी कोण लागते तीही. इंग्रजीत याला शब्दच नाही.

"विहीण!" काकू ओरडल्याच. "अगं, विहीण म्हण ना सरळ!"

आणि मग माझ्याकडे वळून, "खरंच नाही इंग्रजीत?"

"नाही, काकू."

"अर्धं जग घेतलं साहेबाने, आणि एक विहीण नाही करता आली?"

त्या दिवसापासून त्या शब्दाचा त्यांना छंदच लागला. भाषांतर करणारं फोनमधलं ते यंत्र विहीणबाई वापरत. एके सकाळी त्यांनी फोनपुढे काहीतरी म्हटलं आणि फोनने मराठीत सांगितलं, "सुप्रभात, लग्न जुळवणाऱ्या बाई." काकूंचं बोट वर गेलं. "मी काहून जुळवू? ह्यांनी आपलं आपणच जुळवलं. मला तर साखरपुडा झाल्यावर कळलं!" सुनेने पुन्हा मध्ये पडून उलगडा केला. त्यांच्याकडे लग्न जमवणारी बाई तीही स्वाखा आणि विहीण तीही स्वाखा. यंत्राला पहिलीच माहीत होती. पुरुष असेल तर 'स्वात', म्हणजे आपला व्याही. त्यावरून बाईचं 'स्वाखा'. मग काकूंच्या हट्टापायी सुनेने आणखी शोधून काढलं की हे शब्द फार जुने, आणि त्यांचं मूळ 'स्वाय', 'स्वोय' असल्या कुठल्याशा शब्दात सांगतात. अर्थ, आपलं. स्वतःचं.

"स्व," काकू म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "आपलाच 'स्व' आहे तो. स्वजन, स्वकीय, त्यातला."

मग तासच सुरू झाला. सून हिरवळीवर खुर्ची टाकून आपल्या आईकडून तो शब्द वदवून घेत होती आणि काकू ऐकत होत्या. स्वाखा. विहिणीचं म्हणायचं तर स्वाखी. विहिणीला म्हणायचं तर स्वासी. काकूंनी तिथे थांबवलं. "पुन्हा म्हणा. ख गेला की काय?" ख गेलाच होता, त्याच्या जागी स आला होता. काकूंना कोण आनंद झाला! "आमचीही विहीण अशीच आहे. प्रत्यय लागला की आखडते. विहीणमधला ही दीर्घ, विहिणीला म्हटलं की हि ऱ्हस्व. सुखासुखी प्रत्यय लावून घेईल ती विहीण कसली!"

आणि हाक मारायची तर स्वाखो. विमानतळावर ऐकली ती हाक होती, नाव नव्हतं.

"संबोधन," काकू मला म्हणाल्या. मी शाळेत हे शिकले होते आणि विसरलेही होते. "आठवी विभक्ती. बाकीच्या साऱ्यांचं वाक्यात कुणाशी ना कुणाशी नातं असतं, कुणी कर्ता, कुणी कर्म. संबोधनाचं कुणाशी काही नसतं. नुसती हाक असते."

पलीकडे विहीणबाई नातीच्या केसांच्या वेण्या घालत होत्या आणि आपल्यावरून एवढं काय चाललंय म्हणून मिश्किलपणे बघत होत्या.

त्या बाईंबद्दल थोडं सांगायला हवं, म्हणजे काकूंचं पुढचं वागणं कळेल. त्यांनी आपल्या शहरात वर्षानुवर्षं ट्रॉलीबस चालवली होती. वर विजेच्या तारा, बसच्या टपावर दोन लांब दांडे, ते तारांना टेकलेले, अशी बस. सिअ‍ॅटलमध्ये अजून अशा बस धावतात. हे कळल्यावर विहीणबाईंनी जेवण अर्धं टाकलं. दुसऱ्याच दिवशी दोघी एकट्या, एकीला इंग्रजी येईना आणि दुसरीला धड कळेना, दोन बस बदलून सिअ‍ॅटलला गेल्या आणि ट्रॉलीबसमध्ये बसून नुसत्या फिरून आल्या. ड्रायव्हरच्या पाठीमागची जागा विहीणबाईंनी पकडली होती. चढ आला की यांचा उजवा पाय खाली दाबायचा, वळण आलं की खांदे कलायचे, आणि एकदा ड्रायव्हरने जरा उशिरा ब्रेक मारला तेव्हा तोंडातून जो शब्द निघाला तो सुनेने आम्हाला भाषांतर करून द्यायला साफ नकार दिला.

"दुसऱ्या बाईंच्या तासाला मला मागच्या बाकावर बसवलं की माझं जे व्हायचं," काकू म्हणाल्या, "तेच तिचं होत होतं, बिचारीचं."

त्यांच्या मैत्रीला आणखी एक कारण होतं, ते म्हणजे शेपू. शेपू घरात दोन पक्ष पाडतो हे तुम्हाला मी सांगायला नको. मी विरोधी पक्षात. काकूंच्या घरात मुलगाही विरोधी पक्षात, त्यामुळे इतकी वर्षं त्यांना शेपू मनासारखा करून खाता आला नव्हता. विहीणबाई तर सूप, बटाटे, काकडी, कशावरही शेपू चिरून घालत. हिरवळीचा एक कोपरा उकरून दोघींनी शेपू आणि बीट लावलं. काकू मूगडाळ घालून भाजी करत, विहीणबाई तीच भाजी दह्याबरोबर वाटीवाटीने खात. जेवताना काकूंचा आग्रह असा की ताटावर आडवा हात धरल्याशिवाय सुटका नाही. सारा परिसर त्या वासाने दरवळायचा आणि मी खिडकी लावून घ्यायचे.

अशी दोनेक वर्षं गेली असतील.

मग त्या घरात काहीतरी बिनसलं. काय, ते मला नीट कळलं नाही आणि कळलं असतं तरी इथे सांगितलं नसतं. मुलगा तळघरातल्या खोलीत झोपू लागला. सून लॅबमधून उशिरा येऊ लागली. नात माझ्या पायरीवर येऊन खडूने चित्रं काढत बसायची आणि आत बोलावलं तरी चटकन उठायची नाही.

एका रविवारी दुपारी मी बाहेर आले तर दोघी विहिणी मागच्या बाजूला समोरासमोर उभ्या होत्या. काकू वऱ्हाडीत बोलत होत्या, विहीणबाई युक्रेनियनमध्ये, आणि यंत्र दोघींपैकी कुणाच्याही हातात नव्हतं. त्याची गरजही नव्हती. आपापल्या लेकराची बाजू घेणारी आई कुठल्याही भाषेत कळते. मध्येच विहीणबाईंनी मला पाहिलं आणि जणू साक्षीदार म्हणून मला कळावं अशा इंग्रजीत म्हणाल्या, "हर सन. नो गुड. नो गुड मॅन." काकूंना एवढं इंग्रजी येत होतं. त्या पदर खांद्यावर ओढून आत गेल्या.

त्यानंतर स्वयंपाकघराची वाटणी झाली. सकाळ एकीची, संध्याकाळ एकीची. बाग विहीणबाईंकडे राहिली. काकू पुढच्या बाजूला, रस्त्याकडे तोंड करून बसू लागल्या. एकदा त्यांना जरा बोलतं करावं म्हणून मी मुद्दामच म्हटलं, "काकू, मी स्टोअर चालले."

बोट मांडीवरच राहिलं. "जा," त्या म्हणाल्या.

घटस्फोट झाला. नात आईकडे राहणार आणि सुट्टीत वडिलांकडे जाणार असं ठरलं. मुलाने कॅलिफोर्नियात सनीव्हेलला नोकरी घेतली. काकू अर्थात मुलाबरोबर. जाण्याच्या आदल्या आठवड्यात आमच्या मंडळाचा तिळगुळाचा कार्यक्रम होता; मी त्यांना जबरदस्तीने नेलं. तिथे एका बाईंनी, वाईट हेतू नसावा, पण सहज विचारलं, "आता हो काय म्हणायचं त्यांना? तुमची एक्स-विहीण?"

आजूबाजूला थोडं हसू झालं. काकूंनी हातातला लाडू खाली ठेवला.

"माजी आमदार असतो," त्या म्हणाल्या. "माजी विहीण नसते."

मला वाटलं, राग निवळला. पण गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "विहीण असते नाहीतर नसते. आता नाही." आणि घर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

निघाल्या त्या दिवशी विहीणबाई बाहेर आल्या नाहीत. वरच्या मजल्यावरचा पडदा मात्र जरासा बाजूला झालेला होता. काकूंनीही वर पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्या नातीला पोटाशी धरून उभ्या होत्या.

सनीव्हेलहून त्या दर रविवारी मला फोन करायच्या. मुलाचं तिसऱ्या मजल्यावरचं अपार्टमेंट, कामाच्या दिवशी मुलगा सकाळी कंपनीच्या शटलने जातो तो दिवेलागणीला परत, जवळून ट्रेन जाते तिचा आवाज बरा वाटतो, निदान काहीतरी जातंय-येतंय. नातीबद्दल विचारायच्या. शेजारी मराठी कोण कोण आहे ते सांगायच्या. विहिणीचं नाव चुकूनही नाही. बऱ्याच रविवारांनंतर एकदा फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "ते बीट काढलं का गं? नाही, जून झालं की लाकूड होतं, म्हणून विचारलं."

मी विहीणबाईंना कुंपणावरून निरोप दिला. त्यांनी त्याच दिवशी बीट काढलं.

एकदा सुनेने मला थांबवून सांगितलं की आईच्या हृदयाच्या शिरा बंद झाल्या आहेत, ऑपरेशन करायला लागणार, तारीख मिळाली आहे. ती घाबरलेली होती. एकटी लॅब, मूल आणि इस्पितळ कशी सांभाळणार? रविवारी मी काकूंना सांगितलं.

"मला तिकीट काढून दे," त्या म्हणाल्या. मग लगेच, "नको. त्यालाच सांगते. चोरून काहून जाऊ?"

मी त्यांना विमानतळावर घ्यायला गेले तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीतून आल्या आणि खुर्ची ढकलणाऱ्या माणसाला मराठीतच आशीर्वाद देत होत्या. वाळल्या होत्या. गाडी हायवेला लागल्यावर मी विचारलं, मुलगा काय म्हणाला?

"म्हणाला, 'आई, आता तिचा आपला काय संबंध? इट्स ऑक्वर्ड.' मी म्हटलं, तुझा नसेल बाबा."

पुढे गाड्यांची रांग लागली होती. मग स्वतःशीच बोलल्यासारख्या बोलू लागल्या.

"तिसऱ्या मजल्यावर माणसाला विचार करायला फार वेळ मिळतो बघ. आपली विहीण आली कुठून? विवाहातून. विवाह, त्यावरून व्याही, त्यावरून विहीण. म्हणजे विवाह मोडला की शब्दाचं मूळच उपटलं. मंडळात मी मोठ्या तोऱ्यात बोलले खरी, पण घरी आल्यावर मला ते कळलं होतं. म्हणून तर तुला म्हटलं, आता नाही." त्यांनी पर्समधून रुमाल काढला, पण वापरला नाही. "आणि मग आठवलं. तिचा शब्द विवाहातून नाही आलेला. तो 'आपलं' म्हणण्यातून आलाय. त्याला काही झालेलं नाही. तर मी म्हटलं, आपला नाही टिकत तर आपण तिचा घेऊ. एवढं काय!"

रस्त्याकडे लक्ष ठेवणं मला अवघड जात होतं.

ऑपरेशन आदल्या दिवशी झालं होतं. सून नातीला शाळेतून आणायला गेली होती. मजल्यावरच्या टेबलाशी बसलेल्या नर्सने विचारलं, पेशंटची तुम्ही कोण? फक्त घरच्यांनाच सोडतो.

मी इंग्रजीत जुळवाजुळव करू लागले. पेशंटची मुलगी, तिचा नवरा, म्हणजे आता नवरा नाही, त्याची आई. नर्सचा चेहरा सहानुभूतीचा होता, पण नकाराकडे झुकत चालला होता. मी हळूच काकूंना म्हटलं, "बहीण सांगते."

"खोटं नको," काकू म्हणाल्या. आणि पुढे होऊन, छातीवर हात ठेवून, त्या स्वतःच नर्सला म्हणाल्या, "स्वाखा."

"सॉरी?"

"स्वाखा. आय अ‍ॅम स्वाखा."

नर्सने आमच्याकडे पाहिलं, मग उठून आत गेली. आम्ही दोघी तिथेच, सॅनिटायझरच्या बाटलीशेजारी उभ्या राहिलो. मला मनातून भीती वाटत होती. आतली बाई काय म्हणेल? 'हर सन, नो गुड' मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. तिने मान फिरवली तर या म्हातारीला घेऊन मी परत कशी जाणार होते?

नर्स बाहेर आली. "मी विचारलं ही बाहेर आलेली बाई तुमची कोण," ती म्हणाली, "तर त्याही तेच म्हणाल्या. अगदी तोच शब्द." तिने खांदे उडवले आणि दार उघडून धरलं.

विहीणबाई उशांना टेकून बसवलेल्या होत्या. नाकात नळी, चेहरा पिठासारखा, आणि ते पैलवानी खांदे कुठे गेले होते कोण जाणे. काकू पलंगाच्या पायथ्याशी थांबल्या. वाटेत काय काय बोलायचं ठरवलं असेल, त्यातलं काहीच आलं नाही.

"स्वाखा," त्या एवढंच म्हणाल्या.

पलंगावरच्या बाईने डोळे उघडले. तिने बराच वेळ काकूंकडे पाहिलं. मग सुई टोचलेला हात चादरीवरून जरासा उचलला आणि एक बोट वर केलं.

"स्वाखो," ती म्हणाली. अशी हाक मारतात.

काकू हसत हसत तिच्या पायाशी बसल्या. क्षमा कुणी मागितली नाही. मुलांचा विषय निघाला नाही. काकूंनी तिच्या पावलांवरची चादर नीट केली, पावलं थंड होती म्हणून दोन्ही हातांनी चोळू लागल्या आणि मला म्हणाल्या, "तू जा आता ऑफिसला." 'ला' नेहमीपेक्षा जरा ठासूनच होता.

काकू तीन आठवडे त्याच घरात, आपल्या मुलाच्या आता नसलेल्या घरात राहिल्या. सून रात्रीचं जेवण त्यांच्या हातचं जेवायची आणि नात त्यांच्याच कुशीत झोपायची. पुन्हा दरवळ सुटला. या वेळी मी खिडकी लावली नाही. काकू परत निघाल्या तेव्हा विहीणबाई दारापर्यंत चालत आल्या. त्यानंतर दर रविवारी मला काकूंचा फोन उशिरा येऊ लागला, कारण पहिला फोन शेजारी व्हायचा. तो काय बोलण्याचा फोन असायचा देवच जाणे. भिंतीतून मला बहुतेक हसणंच ऐकू यायचं.

पुढच्या हिवाळ्यात सनीव्हेललाच काकू गेल्या. थोडे दिवस ताप, मग न्यूमोनिया, मग गेल्याच. मुलाने मला फोन केला, आणि मग, बऱ्याच अवकाशाने, शेजारीही केला.

तेराव्याला मी गेले. सून, नात आणि विहीणबाई माझ्याच विमानात होत्या. अपार्टमेंटच्या खालच्या मोठ्या खोलीत पंगत मांडली होती. तिथली मराठी मंडळी जमली होती, मुलाच्या ऑफिसातले दोघे-तिघे होते. वयस्कांसाठी भिंतीकडेने खुर्च्या होत्या. काळा रुमाल बांधलेली ती उंच बाई कोण, कुणाच्या बाजूची, हे तिथे बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना तिला कुठे बसवावं ते कळत नव्हतं. कुणीतरी खुर्ची पुढे केली. तिने मान हलवली आणि एका हाताने छाती सांभाळत, दुसरा हात नातीच्या खांद्यावर ठेवून, सावकाश पंगतीत खाली बसली.

वाढायला मुलगाच होता. दाढी वाढलेली, कुर्ता चुरगळलेला. घटस्फोटानंतर तो या बाईशी एक शब्द बोलला नव्हता, आणि तीही त्याच्याशी. भाताचं पातेलं घेऊन तो रांगेतून येत होता आणि मी, तिच्या शेजारी बसलेली, पुढ्यातल्या मिठाकडे बघत होते. तो तिच्यासमोर आला. थांबला. पाठीमागे लोक वाट पाहत होते.

मग तो खाली वाकला, वाकला नाही, गुडघ्यावरच बसला, आणि तिच्या पानात भात वाढू लागला. एक डाव, दुसरा डाव. त्याचे डोळे भरून वाहत होते आणि हात थांबत नव्हता. पुरे झालं की आडवा हात धरायचा, हे तिला पक्कं माहीत होतं. तिने हात उचलला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला. पानावर तो तिने धरलाच नाही. तो वाढत राहिला.